चिमुकला ओळंबा



दरवर्षी या पुस्तिकेसाठी "काहीतरी लिही ना" असा आग्रह होतो आणि दरवर्षी मी "मी कसला लेखक, मी पडलो इंजिनियर" म्हणून सुटका करून घेतो. यंदा आपल्या कार्यकारिणीतल्या एका वहिनींनी ती पळवाटच बंद केली. म्हणाल्या, "मग सर्किटवर लिहा की! शनिवारी मुलांना तळघरात बसवून काय शिकवता ते आम्हालाही कळू दे." तेव्हा हा लेख त्याच विषयावर आहे, अ‍ॅक्सेलरोमीटर नावाच्या एका छोट्या सेन्सरवर. ज्यांच्या घरी सोल्डरिंगची इस्त्री आहे त्यांनी प्रयोग करून बघावेत. ज्यांच्या घरी फक्त कपड्यांची इस्त्री आहे त्यांनी मधले आकडे ओलांडून शेवटचा आईचा भाग तरी वाचावा, कारण आपल्यापैकी बहुतेकांची आई किंवा सासूबाई तिकडे एकट्या राहतात.

शाळेत आपण 'त्वरण' शिकलो. वेग किती बदलला भागिले वेळ किती लागला. अ‍ॅक्सेलरोमीटर म्हणजे त्वरणमापक, हे भाषांतर सोपं आहे, पण तिथेच गडबड होते. मुलांना मी पहिल्याच दिवशी विचारतो, "हा सेन्सर टेबलावर स्वस्थ पडलाय. तो किती दाखवेल?" सगळे एका सुरात ओरडतात, "झीरो!" मग वायर जोडून दाखवतो. तो दाखवतो १ जी. आणि तोच सेन्सर उशीवर टाकला तर पडता पडता दाखवतो शून्य! म्हणजे थांबलेला असताना एक आणि पडत असताना शून्य. मुलं चक्रावतात. खरं सांगतो, मी स्वतःही पहिल्यांदा चक्रावलो होतो.

याचं उत्तर मला पुस्तकापेक्षा आजोळच्या गवंड्याकडून लवकर समजलं असतं. लहानपणी सातारा जिल्ह्यात मामाच्या घराची भिंत बांधताना पाहिली होती. गवंडी ओळंबा सोडायचा. दोरीला बांधलेलं ते पितळी वजन भिंतीशी समांतर लोंबलं की भिंत सरळ. आता असं समजा की त्या दोरीच्या जागी एक स्प्रिंग आहे आणि आपण स्प्रिंग किती ताणली गेली ते मोजतोय. ओळंबा स्वस्थ लोंबत असला तरी स्प्रिंग ताणलेलीच असते, कारण पृथ्वी वजनाला खाली ओढते आणि स्प्रिंग त्याला धरून ठेवते. हा ताण म्हणजे १ जी. गवंड्याच्या हातातून ओळंबा सुटला, तर पडताना स्प्रिंगवर ताणच नाही. म्हणून शून्य. सेन्सर हालचाल मोजत नाही, वेग मोजत नाही, जागा तर मुळीच मोजत नाही. तो फक्त स्प्रिंगचा ताण मोजतो. एवढं एक वाक्य डोक्यात पक्कं बसलं की पुढचे निम्मे घोळ टळतात.

चिपच्या आत खरोखरच असा ओळंबा आहे. सिलिकॉनचाच एक सूक्ष्म तुकडा, सिलिकॉनच्याच स्प्रिंगांवर टांगलेला. तुकडा सरकला की शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर बदलतं, त्याने कपॅसिटन्स बदलतो आणि त्याचं व्होल्टेज करून चिप बाहेर देते. एडीएक्सएल३३५ ही चिप आमच्या वर्गात वापरतो. तिचं अख्खं वेष्टन ४ मिलिमीटर लांब, ४ मिलिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटरहून किंचित कमी जाड. त्यात एक्स, वाय, झेड अशा तिन्ही दिशांचं मोजमाप. करंगळीच्या नखावर सहज मावेल.

ही चीज काही हौशी लोकांसाठी जन्माला आली नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला गाडीची एअरबॅग उघडायची की नाही हे ठरवण्यासाठी अशा चिपा आल्या. २००३ साली आयबीएमने थिंकपॅड लॅपटॉपमध्ये बसवली, लॅपटॉप पडू लागला की हार्ड डिस्कचं डोकं बाजूला घ्यायला. २००६ साली निन्टेन्डोच्या वीचा रिमोट आला आणि आपली मुलं दिवाणखान्यात हवेत टेनिस खेळू लागली. २००७ साली आयफोन आला. त्यानंतर ही चिप इतकी बनू लागली की आपल्यासारख्यांना काही डॉलरमध्ये छोट्या बोर्डावर जोडलेली मिळते.

आता जोडणी. आर्डुइनो ऊनो हा बोर्ड घ्या. एडीएक्सएल३३५च्या बोर्डावर वीज, ग्राउंड आणि एक्स, वाय, झेड अशा पिना असतात. तीन दिशांच्या पिना ए०, ए१ आणि ए२ ला जोडायच्या, ग्राउंड ग्राउंडला आणि वीज ३.३ व्होल्टच्या पिनेला. चिप स्वतः ३.६ व्होल्टच्या वर चालत नाही, त्यामुळे बोर्डावर रेग्युलेटर आहे याची खात्री असल्याशिवाय ५ व्होल्ट देऊ नका. आमच्या वर्गात दोन चिपा अशाच हुतात्मा झाल्या आहेत.

ऊनो शून्य ते पाच व्होल्टचे १०२४ भाग करतो, म्हणजे एक भाग साधारण ४.९ मिलिव्होल्टचा. सेन्सर ३.३ व्होल्टवर एका जीला सुमारे ३३० मिलिव्होल्ट बदलतो, म्हणजे जेमतेम ६७ भाग. हे फार जाडंभरडं झालं. म्हणून सेन्सरला मिळणारे ३.३ व्होल्टच एरेफ पिनेलाही द्या आणि प्रोग्राममध्ये, पहिलं वाचन करायच्या आधी, बाहेरचा रेफरन्स वापर अशी आज्ञा लिहा. ती आज्ञा विसरलात तर ऊनोची चिप बिघडू शकते, म्हणून आधी प्रोग्राम चढवा आणि मगच ती वायर लावा. आता तेच १०२४ भाग ३.३ व्होल्टमध्ये होतात आणि एका जीला १०२ च्या आसपास भाग मिळतात. सेन्सर सपाट ठेवा. एक्स आणि वाय ५१२ च्या जवळपास, झेड ६१४ च्या. उलटा करा, झेड ४१० वर येईल.

"जवळपास" म्हटलं, कारण प्रत्येक चिप थोडी वेगळी असते. कारखान्यातून तंतोतंत कोणी येत नाही. त्यावर उपाय साधा आहे. बोर्ड एका चौकोनी डबीला चिकटवा आणि डबी फाशासारखी सहाही बाजूंवर ठेवून आकडे लिहून घ्या. प्रत्येक दिशेचा सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा मिळेल. दोघांची बेरीज भागिले दोन हे तुमचं शून्य आणि वजाबाकी भागिले दोन हा तुमचा एक जी. हे काम कंटाळवाणं आहे आणि मुलं ते टाळायला बघतात. पण एकदा केलं की सेन्सर तुमचा होतो. तपासणीही सोपी. तिन्ही आकड्यांचे जीमध्ये वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. सेन्सर स्वस्थ असेल तर तो कसाही धरा, उत्तर १ च्या जवळ यायला हवं. आलं नाही तर कुठेतरी चुकलंय.

पहिला प्रयोग पाणसळीचा. सेन्सर फळीवर ठेवून फळी किती कलली ते अंशांत दाखवायचं. उत्साही मुलं फक्त एक्सचा आकडा घेतात. सपाट जागेजवळ ते ठीक चालतं, एका अंशाला सुमारे ०.०१७ जीचा फरक, म्हणजे आपल्या ऊनोवर जेमतेम दोन भाग. पण फळी उभी व्हायला आली, समजा ८० अंशांवरून ८१ वर गेली, तर फरक ०.००३ जीहूनही कमी. ऊनोला तो दिसतच नाही! शाळेतला साइनचा आलेख आठवा, वर जाऊन तो कसा चपटा होतो ते. म्हणून एका दिशेवर विसंबायचं नाही. दोन दिशा घेऊन त्यांच्या गुणोत्तरावरून कोन काढायचा, प्रोग्राममध्ये त्यासाठी एटॅन-टू हे फंक्शन तयार असतं. एक जिथे आंधळी होते तिथे दुसरीला स्वच्छ दिसतं.

ओळंब्याच्या मर्यादा मात्र सेन्सरलाही आहेत. वारा सुटला की ओळंबा झुलतो, आणि गवंडी तो स्थिर होईपर्यंत विडी ओढत थांबतो. आपण काय करायचं? पंचवीस-तीस वाचनांची सरासरी घ्यायची, तीच आपली विडी. दुसरं, चालत्या एसटीत ओळंबा धरून बसलात आणि ड्रायव्हरने ब्रेक मारला तर ओळंबा पुढे झेपावेल. डोळे मिटून नुसत्या ओळंब्याला विचारलंत, तर बस उतारावर उभी आहे की ब्रेक लागलाय हे त्याला सांगता येणार नाही. तिसरं, ओळंबा हातात धरून स्वतःभोवती सावकाश गिरकी घेतलीत तर त्याला पत्ताच लागत नाही. पूर्वेकडून उत्तरेकडे वळलात हे त्याच्या गावीही नसतं. त्यासाठी होकायंत्राचा किंवा फिरणं मोजणारा जायरो सेन्सर लागतो. एमपीयू-६०५० मध्ये अ‍ॅक्सेलरोमीटर आणि जायरो दोन्ही एकत्र येतात, म्हणून ड्रोन किंवा दोन चाकांवर तोल सांभाळणारा रोबो करणारे ते वापरत आले आहेत.

आणि चौथं, जे दरवर्षी एखादा हुशार मुलगा विचारतोच. "काका, त्वरणावरून वेग आणि वेगावरून अंतर काढता येतं ना? मग मी किती चाललो ते निघेल!" कागदावर निघतं. प्रत्यक्षात सेन्सर एक अंश जरी वाकडा बसला असेल तर ०.१७ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढी चूक कायम राहते. तिची दोनदा बेरीज झाली की दहा सेकंदांत साडेआठ मीटर होतात. टेबलावर पडलेला सेन्सर हिशेबाने भिंतीतून निघून शेजाऱ्यांच्या अंगणात पोहोचतो. आम्ही हा प्रयोग मुद्दाम करतो, हसूनहसून पुरेवाट होते.

जीचे आकडे किती मोठे किंवा लहान याचा अंदाज यावा म्हणून एक सांगतो. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा धरणात बसवलेल्या यंत्राने आडव्या दिशेत ०.६३ जीपर्यंतचा धक्का नोंदवला होता. जगभरच्या धरणांच्या इंजिनियरांनी ती नोंद अभ्यासली. आणि आपण हातात सेन्सर धरून टाळी वाजवली तरी त्याहून मोठा आकडा येतो! फरक एवढाच की टाळी क्षणाची असते आणि भूकंपाचा धक्का अख्ख्या धरणाला सेकंदामागून सेकंद हलवत राहतो. नुसता मोठा आकडा काही सांगत नाही, तो किती वेळ टिकला हेही बघावं लागतं. पुढे आईच्या गोष्टीत हेच उपयोगी पडलं.

त्याआधी लेझीम. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीसाठी मुलांनी लेझीमला सेन्सर आणि रंगीत दिवे लावले. ठेका पडला की दिवा लागायचा. पहिल्या सरावात निम्मे ठेके हुकले, कारण मुलं सेकंदाला दहाच वाचनं घेत होती आणि लेझीमचा झटका दोन वाचनांच्या मधल्या फटीतून निसटत होता. सेकंदाला शंभर वाचनं केली, प्रश्न मिटला. कधी कधी ठेका नसतानाही दिवे लुकलुकायचे. कोणाचं काय बिघडलं? उलट लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच भरात मी आईसाठी यंत्र करायला घेतलं. आई डोंबिवलीला एकटी. मी इथे न्यू जर्सीत, बहीण बंगलोरला. एकदा रात्री आई न्हाणीघरात घसरली. सुदैवाने मनगटावर निभावलं, पण आम्हाला कळलं ते दुसऱ्या दिवशी. मग तोच सेन्सर, वाय-फायवाला ईएसपी८२६६ बोर्ड आणि बॅटरी असं सगळं एका छोट्या डबीत बसवून कमरेला खोचायच्या बटव्यात घातलं. सुट्टीला गेलो तेव्हा देऊन आलो. ती पडली की मला आणि शेजारच्या काकूंना फोनवर निरोप जाणार.

पडणं ओळखायचं कसं? माणूस पडताना क्षणभर ताण कमी होतो, म्हणजे एकूण आकडा अर्ध्या जीच्या खाली जातो. मग आपटल्यावर एकदम अडीच जीच्या वर उसळतो. मी एवढंच लिहिलं होतं. पहिल्याच आठवड्यात तीन निरोप आले. एकदा आईने बटवा काढून पलंगावर फेकला होता. एकदा ती झोपाळ्यावर धपकन बसली होती. तिसऱ्यांदा ती खलबत्त्यात लसणीची चटणी कुटत होती. काकू बिचाऱ्या तिन्ही वेळा धावत गेल्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी फोनवरचा त्या निरोपाचा आवाजच बंद केला. मला हे पुढे बोलता बोलता कळलं, आणि पोटात गोळा आला. लेझीमचा दिवा चुकून लागला तर मजा, पण इथे दर चुकीच्या निरोपागणिक खऱ्या निरोपाची किंमत कमी होत होती.

म्हणून प्रोग्राम बदलला. आपटल्यानंतर दोन सेकंद थांबायचं आणि ओळंबा कुठे बघतोय ते पाहायचं. उभ्या माणसाचा बटवा आडवा झाला आहे का? झाला असेल तर पुढचे दहा सेकंद तो स्वस्थ आहे का? तिन्ही गोष्टी जुळल्या तरच निरोप. सेन्सरही बदलला. एडीएक्सएल३३५ साडेतीन जीच्या पुढे मोजतच नाही, त्यामुळे चटणी आणि आदळणं त्याला सारखंच दिसायचं. एडीएक्सएल३४५ सोळा जीपर्यंत मोजतो आणि पडल्याचा ताण कमी झाला की स्वतःहूनच बोर्डाला इशारा देतो, त्यामुळे बोर्डाला सतत जागं राहावं लागत नाही आणि बॅटरी टिकते. त्याच्या माहितीपत्रकातच ०.३ ते ०.६ जी ही मर्यादा सुचवलेली आहे. चुकीचे निरोप बंद झाले. मी खूश!

मग एके सकाळी पूजा आटोपून आई पाटावरून उठायला गेली, पाय लटपटले, आणि ती भिंतीला धरून सावकाश खाली घसरली. कामवाल्या बाई येईपर्यंत पाऊण तास तशीच बसून होती. बटवा कमरेला होता. यंत्राने काहीही कळवलं नाही. मी फोनवर जवळजवळ ओरडलोच, "आई, अगं यंत्राने सांगितलं कसं नाही तू पडलीस ते?" आई म्हणाली, "अरे, मी पडलेच नाही. मी बसले. उठता आलं नाही एवढंच."

अक्षरशः बरोबर होतं तिचं. स्प्रिंगचा ताण क्षणभरही कमी झाला नव्हता, धक्का बसला नव्हता, बटवा सरळच होता. माझ्या प्रोग्रामच्या दृष्टीने ती आरामात बसली होती. वयस्कर माणसं नेहमी धाडकन पडतात असं नाही, पुष्कळदा अशी घसरत बसतात, आणि तो प्रसंग ओळंब्याला दिसत नाही. मी मर्यादेचे आकडे कितीही खालीवर केले असते तरी तो सापडला नसता. सेन्सर चुकला नव्हता, मी त्याला प्रश्नच चुकीचा विचारला होता.

तिसऱ्या वेळी प्रश्न उलटा केला. "पडली का?" याऐवजी "हालते आहे का?" जागेपणीच्या वेळात अर्धा तास चालल्याचे धक्के आले नाहीत, पण बारीकसारीक हालचाल चालू आहे, तर बटवा अंगावर आहे आणि आई एका जागी बसून आहे. काकूंना त्रास नाही, मला एक साधा निरोप येतो आणि मी फोन करतो. बहुधा मालिका चालू असते. आणि आकडे अगदीच गोठलेले असतील तर बटवा अंगावरच नाही, तो खुंटीला आहे. माणसाच्या अंगावरचा सेन्सर इतका निश्चल कधी राहत नाही. शिवाय बटव्यावर एक मोठं लाल बटण बसवलं, दाबलं की थेट काकूंना. खरं तर हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. पण बटण बसवण्यात आम्हा इंजिनियर लोकांना काय मजा!

कोणी हा लेख वाचून आपल्या आईवडिलांसाठी असं काही करायला घेणार असेल तर कळकळीने सांगतो, घरी केलेल्या डबीच्या भरवशावर कोणाचा जीव ठेवू नका. ऍपल वॉचमध्ये २०१८ साली पडणं ओळखायची सोय आली. इथे ज्येष्ठांसाठी गळ्यात घालायची बटणंही मिळतात. ती तपासून घेतलेली असतात आणि पलीकडे फोन उचलणारं माणूस असतं. तीही सगळं ओळखतील असं नाही, हे आता तुम्हाला कळलंच असेल. आमची डबी आहे ती वरची जोड म्हणून. सकाळचा नऊचा फोन आणि काकूंकडची किल्ली कायम आहे.

प्रोग्राम हवा असेल तर शनिवारी वर्गाला या, देतो. त्यात एक त्रुटी आहे ती आधीच सांगून ठेवतो. रोज दुपारी एक ते तीन या वेळात त्यातून 'बटवा खुंटीवर' असा निरोप येतो. ती आईची वामकुक्षीची वेळ. इथे तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतात, त्यामुळे तो मला सकाळी उठल्यावर दिसतो. तेवढा वेळ वगळायला दोन ओळींचा कोड पुरेल. मी अजून तो लिहिलेला नाही.